धर्ममाता व धर्मपिता कोणास निवडावे?

गतवर्षी दिवाळीच्या सुटीत आपल्या शाळेचा एक माजी विद्यार्थी मजकडे आला. परभणीहून औंढा नागनाथास जाणाऱ्या रस्त्यावर जवळा बाजार हे गाव लागते. तेथे त्याचे लहानसे दुकान आहे. तो स्वतः कॅथोलिक. पत्नी त्याच गावच्या हिंदू कुटुंबातील असून विवाहानंतरही तिने आपला धर्म सोडलेला नाही. त्यांना कन्यारत्न झाले होते. मुलीचा बाप्तिस्मा व्हावा यास पत्नीची मनापासून संमती होती. अडचण निराळीच होती. "सर, धर्मपिता कोणाला करू? मेहुण्याने मनात धरले आहे, की सख्खा मामा जिवंत असता दुसऱ्याने मुलीला हाती का घ्यावे? त्याला नाही म्हटले, तर हिचे माहेर तुटेल."

प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही. आपल्या विद्यार्थ्यांपैकी कित्येकांच्या घरी दोन धर्म, किंवा एकाच ख्रिस्ती धर्माच्या दोन मंडळ्या नांदत आहेत. यास्तव त्याला जे सांगितले, ते थोड्या विस्ताराने येथे लिहीत आहे.

प्रथम गैरसमज दूर केले पाहिजेत. धर्ममाता म्हणजे बारशातील आत्या नव्हे. आत्या बाळाच्या कानात नाव सांगते आणि तिचा मान तेथे पूर्ण होतो. धर्ममातेचे काम मात्र त्या दिवशी सुरू होते. पाळण्यात सोन्याची साखळी घालणारा श्रीमंत नातलग म्हणजे धर्मपिता, ही समजूतही तितकीच चुकीची. तिसरी समजूत अशी, की आईबापांच्या पश्चात मूल आपोआप धर्मपित्याच्या ताब्यात जाते. कायद्याच्या दृष्टीने या नात्याला असा कोणताही अधिकार नाही. पालक नेमावयाचा असेल, तर त्याची व्यवस्था वेगळी करावी लागते.

मग हे नाते कशाचे? ते जामीनकीचे होय. प्राचीन काळी, छळाच्या दिवसांत, मंडळीत येऊ इच्छिणाऱ्या प्रौढ माणसाविषयी "याला मी ओळखतो, हा खरा आहे" अशी ग्वाही देणारा कोणी लागत असे. पुढे बालकांच्या बाप्तिस्म्यात तोच जामीन बालकाच्या बाजूने बोलू लागला. हे नाते इतके गंभीर मानले गेले, की इ. स. ५३० मध्ये सम्राट जस्टिनियनने धर्मपिता व धर्मकन्या यांच्या विवाहास बंदी केली. आपल्याकडे वसई व गोवा येथे पोर्तुगिजांबरोबर हा प्रघात रुजला. त्यांच्या भाषेत या दोघांस पाद्रिन्यो व माद्रिन्या म्हणतात.

निरनिराळ्या मंडळ्यांचे नियम सारखे नाहीत, आणि घोटाळा होतो तो येथेच. १६६२ च्या अँग्लिकन प्रार्थनापुस्तकात मुलासाठी दोन धर्मपिते व एक धर्ममाता, आणि मुलीसाठी दोन धर्ममाता व एक धर्मपिता सांगितले आहेत. मेथडिस्ट व प्रेस्बिटेरियन मंडळ्यांत मुख्य वचन आईबापच देतात. बॅप्टिस्ट मंडळी बालकांचा बाप्तिस्माच करीत नाहीत. १९७० साली नागपूर येथे उत्तर भारतातील सहा मंडळ्या एकत्र होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले, तेव्हा बालकांचा बाप्तिस्मा करणारे व न करणारे असे दोन्ही पक्ष त्यात आले, आणि दोन्ही रीतींना जागा ठेवावी लागली.

कॅथोलिक मंडळीचा सध्याचा नियम १९८३ च्या धर्मसंहितेत आहे. धर्मपिता किंवा धर्ममाता यांपैकी एकजण असला तरी पुरे. दोघे असल्यास एक पुरुष व एक स्त्री. त्याचे वय सामान्यतः सोळा वर्षे पूर्ण असावे, तो कॅथोलिक असून त्याचे दृढीकरण झालेले असावे, त्याचे आचरण त्या श्रद्धेस साजेसे असावे, आणि तो बालकाचा जन्मदाता नसावा. दुसऱ्या मंडळीतील बाप्तिस्मा झालेल्या ख्रिस्ती माणसास धर्मपिता होता येत नाही. परंतु कॅथोलिक धर्मपिता वा धर्ममाता असेल, तर त्यांच्यासह त्याला साक्षीदार म्हणून उभे राहता येते. ज्याचा बाप्तिस्माच झालेला नाही, त्याला यांपैकी कोणतेही स्थान घेता येत नाही. म्हणजे मेहुण्यास धर्मपिता करता येणार नव्हते. हे ऐकताच आमच्या विद्यार्थ्याचा चेहरा उतरला.

मी त्याला विचारले, की मामा त्या वेदीपाशी काय बोलणार होता? तेथे श्रद्धेविषयी प्रश्न विचारतात, आणि जो मानतो त्याने "होय" म्हणावयाचे असते. जे आपण मानीत नाही, ते प्रेमाखातर का होईना, देवासमोर मानतो असे म्हणावयास भल्या माणसाला लावणे हा त्याचा मान की अपमान? बालकाच्या आईच्या बाबतीतही मंडळीने हीच काळजी घेतली आहे. आई किंवा बाप कॅथोलिक नसेल, तर श्रद्धेच्या प्रश्नांच्या वेळी त्याने मौन राखावे. मुलाला त्या श्रद्धेचे शिक्षण मिळू देईन, एवढीच त्याजकडून अपेक्षा असते. हे कळले तेव्हा त्याच्या पत्नीस फार हायसे वाटले, असे त्याने पुढे मला सांगितले. ती रात्रंदिवस याच प्रश्नाला भीत होती आणि कोणापाशी बोलली नव्हती.

नियमात बसणारा माणूसही घाईने निवडू नये, यासाठी पंडिता रमाबाईंचे उदाहरण ध्यानात ठेवण्याजोगे आहे. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडातील वाँटेज येथे रमाबाई व त्यांची अडीच वर्षांची कन्या मनोरमा यांचा बाप्तिस्मा झाला. तेथील मठातील सिस्टर जेराल्डिन या रमाबाईंच्या धर्ममाता. लहानगी मनोरमा त्यांना "आजीबाई" म्हणत असे. त्या बाईंची माया खरी होती, यात शंका नाही. पण धर्ममातेच्या नात्याने आज्ञा करण्याचा हक्क आपणास आहे असे त्यांना वाटे, आणि रमाबाई तर स्वतः शास्त्रे वाचून निर्णय घेणाऱ्या विदुषी! धर्ममतांवरून दोघींचा पत्रांतून कडक वाद झाला. मनोरमेला काय शिकवावे यावरूनही झाला. तरीही नाते तुटले नाही. ती पत्रे जेराल्डिन यांनी जपून ठेवली व स्वतः संकलित केली. १९७७ साली ती ग्रंथरूपाने छापली गेली. माझ्या मते दोष दोघींपैकी कोणाचाच नव्हता. धर्ममातेने कोठवर बोलावे आणि कोठे थांबावे, हे आधी कोणीच ठरविलेले नव्हते. ज्या घरात आई एका धर्माची व बाप दुसऱ्या धर्माचा, तेथे तर हे बोलणे बाप्तिस्म्यापूर्वीच, आईच्या समक्ष, झाले पाहिजे.

जवळ्याच्या त्या घरी तीन नावे पुढे होती. मुंबईचा एक चुलतभाऊ: कॅथोलिक, सधन, परंतु गेल्या सहा वर्षांत गावी न आलेला. परभणीचा एक मेथडिस्ट शिक्षक, विद्यार्थ्याचा जिवलग मित्र. आणि परभणीचीच एक विधवा मावशी: शिक्षण बेताचे, पण दर रविवारी उपासनेस जाणारी, आणि भाचसुनेच्या बाळंतपणात पंधरा दिवस तिच्या उशाशी बसलेली. कोणास निवडावे, हे मला सांगावे लागले नाही. मित्र साक्षीदार झाला. चुलतभाऊ रुसला, तो रुसवा सोसण्याजोगा होता.

राहिला मामा. बाप्तिस्म्यात बालकास शुभ्र वस्त्र देतात, आणि ते कुटुंबियांनी आणलेले असावे हे इष्ट मानतात. आपल्या महाराष्ट्रात बाळाला अंगडे-टोपडे कोण आणतो, हे सांगावयास नको. त्याने ते हिंगोलीहून स्वतः निवडून आणले. वेदीपाशी तो उभा राहिला नाही, पहिल्या बाकावर बहिणीशेजारी बसला. त्याचे मन पूर्ण निवळले असे मी म्हणणार नाही. त्या दिवशी तो जेवला, पण फारसा बोलला नाही. मावशी मात्र महिन्यातून एकदा परभणीहून बसने जवळ्यास येते, आणि तिला थांब्यावरून घरी नेण्यास हल्ली मामाच जातो, असे परवा आलेल्या पत्रात लिहिले आहे.