समवयस्क मार्गदर्शन (उच्च शिक्षण)

समवयस्क मार्गदर्शन ही उच्च शिक्षण संस्थांमधील विद्यार्थी-साहाय्याची एक पद्धत आहे. तीत वरच्या वर्गातील प्रशिक्षित विद्यार्थी नवागत विद्यार्थ्यांना पहिल्या वर्षी अभ्यास, कार्यालयीन कामकाज आणि वसतिगृहातील जीवन यांबाबत नियमित मदत करतात. घरातून प्रथमच उच्च शिक्षणात येणारे, ग्रामीण व आदिवासी भागांतील, आर्थिकदृष्ट्या दुर्बल तसेच सामाजिक भेदभाव सोसणाऱ्या समूहांतील विद्यार्थी यांच्या दृष्टीने या पद्धतीला विशेष महत्त्व आहे. अशा मार्गदर्शकासाठी 'मेंटॉर' हा शब्दही मराठीत रूढ आहे.

संकल्पना

प्रत्येक शिक्षणसंस्थेत लेखी नियमांबरोबर काही अलिखित संकेतही असतात. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ फिलिप जॅक्सन यांनी १९६८ मध्ये शालेय वर्गांच्या संदर्भात यासाठी 'छुपा अभ्यासक्रम' ही संज्ञा वापरली. पुढे ती उच्च शिक्षणालाही लागू करण्यात आली. प्राध्यापकांना शंका केव्हा विचारावी, अंतर्गत गुण कशावर मिळतात, एटीकेटी म्हणजे काय, शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी उत्पन्नाचा दाखला व जात वैधता प्रमाणपत्र कधी लागते, या बाबी सुशिक्षित कुटुंबातील विद्यार्थ्याला बहुधा घरीच कळतात. पहिल्या पिढीतील विद्यार्थ्याला त्या सांगणारे घरी कोणी नसते आणि कार्यालयात विचारताना अज्ञान उघड होण्याचा संकोच असतो. समवयस्क मार्गदर्शक त्याच वाटेने नुकताच गेलेला असतो. त्याच्या हाती गुण देण्याचा अधिकार नसल्याने त्याला प्रश्न विचारणे तुलनेने सोपे जाते.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ व्हिन्सेंट टिंटो यांनी १९७५ मध्ये असे मांडले की, शिक्षण अर्धवट सोडण्यामागे केवळ बौद्धिक क्षमता नसते. विद्यार्थी संस्थेच्या शैक्षणिक व सामाजिक जीवनात कितपत सामावला जातो, यावरही ते अवलंबून असते. या मांडणीमुळे बदलण्याची सारी जबाबदारी विद्यार्थ्यावर पडते आणि संस्थेची संस्कृती प्रश्नांकित होत नाही, अशी टीका नंतरच्या अभ्यासकांनी केली.

विकास

अमेरिकेतील मिसुरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी येथील शाखेत डीआना मार्टिन यांनी १९७३ मध्ये पूरक अध्यापनाची पद्धत सुरू केली. आरोग्यविज्ञान शाखांतील अल्पसंख्याक विद्यार्थ्यांची गळती रोखणे हा तिचा मूळ हेतू होता. तीत 'कच्चे विद्यार्थी' न निवडता 'अवघड विषय' निवडले जातात. तो विषय पूर्वी चांगल्या रीतीने उत्तीर्ण झालेला विद्यार्थी पुन्हा त्या तासांना बसतो व नंतर गटचर्चा घेतो. ही चर्चा सर्वांसाठी खुली असल्याने तेथे येणाऱ्यावर दुर्बलतेचा शिक्का बसत नाही. पुढे ही पद्धत ब्रिटन व ऑस्ट्रेलियासह अनेक देशांत स्वीकारली गेली.

१९८९ मध्ये डेबोरा बियाल यांनी न्यूयॉर्कमध्ये स्थापन केलेल्या पॉसी फाउंडेशनने वेगळा मार्ग घेतला. एकाच शहरातील सुमारे दहा विद्यार्थ्यांचा गट आधी तयार करून तो एकत्रितपणे एकाच महाविद्यालयात पाठवला जातो, जेणेकरून परक्या वातावरणात कोणी एकटा पडू नये.

भारतातील स्थिती

भारतात वरच्या वर्गातील विद्यार्थी आणि नवागत यांच्या संबंधांवर रॅगिंगची छाया राहिली आहे. महाराष्ट्रात १९९९ मध्ये रॅगिंगविरोधी कायदा झाला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या रॅगिंगविरोधी विनियमांत बंदीबरोबर पर्यायी नात्याचाही विचार आहे. त्यानुसार प्रत्येक संस्थेने स्वेच्छेने पुढे येणाऱ्या विद्यार्थ्यांचा मार्गदर्शन कक्ष स्थापन करून दर सहा नवागतांमागे एक विद्यार्थी-मार्गदर्शक आणि अशा सहा मार्गदर्शकांमागे वरच्या स्तरावरील एक मार्गदर्शक नेमावयाचा असतो.

दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील जातिभेदाच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या सुखदेव थोरात समितीने २००७ च्या अहवालात अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना वसतिगृहात येणारे वेगळेपण आणि शिक्षकांकडून मिळणाऱ्या साहाय्याचा अभाव नोंदवला. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही वंचित घटकांतील विद्यार्थ्यांसाठी समुपदेशन व मार्गदर्शनाच्या कार्यक्रमांचा उल्लेख आहे. मात्र भारतीय महाविद्यालयांत 'मेंटॉर' म्हणून बहुधा प्राध्यापकाचीच नेमणूक होते. मुंबईच्या भारतीय प्रौद्योगिकी संस्थेसारख्या काही संस्थांत विद्यार्थी-मार्गदर्शकांची स्वतंत्र व्यवस्था आहे.

महाराष्ट्रात हे कार्य औपचारिक योजनांच्या आधीपासून वसतिगृहांतून होत आले आहे. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात विविध समाजांच्या वसतिगृहांना आश्रय दिला. पुण्यात अच्युतराव आपटे यांनी १९५५ मध्ये स्थापन केलेल्या विद्यार्थी साहाय्यक समितीने ग्रामीण भागातील गरजू विद्यार्थ्यांच्या निवासाची सोय केली. अशा ठिकाणी आधी आलेला विद्यार्थी नंतर आलेल्याचा स्वाभाविक वाटाड्या ठरतो.

कार्यपद्धती

मार्गदर्शकांची निवड केवळ गुणांवर न करता ऐकून घेण्याची तयारी, वेळेची उपलब्धता आणि समान अनुभव यांवर करणे इष्ट मानले जाते. प्रशिक्षणात गोपनीयता, संवाद, भेदभावाची जाण आणि स्वतःच्या भूमिकेच्या मर्यादा यांचा समावेश असतो. पहिली भेट प्रवेशानंतर लगेच होते, कारण अर्जांच्या मुदती आणि एकटेपणाची तीव्रता दोन्ही सुरुवातीच्या आठवड्यांत असतात. गंभीर मानसिक तणाव, छळ किंवा जातिवाचक वागणूक आढळल्यास मार्गदर्शकाने स्वतः तोडगा न काढता समुपदेशक वा तक्रार निवारण यंत्रणेकडे जाण्यास साहाय्य करणे अपेक्षित असते.

परिणाम आणि मर्यादा

कॅनडातील एका विद्यापीठात जोशुआ अँग्रिस्ट, डॅनियल लँग व फिलिप ओरिओपोलस यांनी केलेल्या व २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात प्रथम वर्षाच्या काही विद्यार्थ्यांना समवयस्क मार्गदर्शन व अभ्यासगट, काहींना गुणांवर आधारित शिष्यवृत्ती, तर काहींना दोन्ही देऊ करण्यात आले. केवळ मार्गदर्शनाचा गुणांवर फारसा परिणाम दिसला नाही. दोन्ही मिळालेल्या विद्यार्थिनींची कामगिरी मात्र सुधारली आणि हा लाभ दुसऱ्या वर्षीही टिकला. विद्यार्थ्यांमध्ये, म्हणजे मुलांमध्ये, तसा परिणाम आढळला नाही.

मार्गदर्शक स्वतःही बहुधा वंचित पार्श्वभूमीचाच असल्याने विनामोबदला काम त्याच्या अभ्यासावर व कमाईवर ताण आणू शकते. त्यामुळे काही विद्यापीठे मानधन किंवा श्रेयांक देतात. शिष्यवृत्ती रखडणे, वसतिगृहाची कमतरता किंवा भेदभाव यांवर समवयस्क मार्गदर्शन हा उपाय ठरत नाही. त्या बाबतींतील जबाबदारी संस्था व शासन यांचीच राहते.