दुसऱ्या राज्यात जाऊन पिस्तूल विकत घेता येते का? अमेरिकेतील नियम समजून घेऊ या



नागरिकशास्त्रात संघराज्य शिकवताना आपण फळ्यावर केंद्रसूची, राज्यसूची असे रकाने पाडतो. मुलं ते पाठही करतात. पण एकाच देशातल्या दोन राज्यांचे कायदे वेगळे असतील आणि मधल्या हद्दीवर ना भिंत ना कुंपण, तर कडक कायदा करणाऱ्या राज्याने काय करायचं, हा प्रश्न त्या रकान्यांत येत नाही. आपल्याकडे सीमेजवळची माणसं स्वस्त पेट्रोल भरायला शेजारच्या राज्यात जातात. गोव्याहून येणाऱ्या गाड्यांमध्ये बाटल्या शोधायला तपासणी नाकी असतात. अमेरिकेत हाच प्रश्न पिस्तुलांच्या बाबतीत उभा राहतो, आणि तिथे तो जिवाशी जाऊन भिडतो.

आधी मूळ नियम पाहू. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर, म्हणजे तिथल्या भाषेत हँडगन, तुम्ही राहता त्या राज्यातच हातात घेता येते. दुसऱ्या राज्यातला परवानाधारक दुकानदार ती तुमच्या हातात देऊ शकत नाही. खासगी माणूसही परराज्यातल्या माणसाला ती विकू शकत नाही किंवा भेट देऊ शकत नाही. टेक्सासमधल्या वडिलांनी कॅलिफोर्नियातल्या मुलाला पिस्तूल सरळ नेऊन दिलं, तर तोही गुन्हाच.

मग परराज्यातल्या दुकानात एखादं पिस्तूल आवडलं तर काय करायचं? न्यू जर्सीतल्या एडिसनचं उदाहरण घेऊ. तिथे आपली मराठी माणसं बरीच आहेत, म्हणून गाव ओळखीचं वाटेल. एडिसनहून पेनसिल्व्हेनियाची हद्द गाठायला गाडीने तासभरही लागत नाही. पेनसिल्व्हेनियात पिस्तूल घ्यायला वेगळं खरेदी परमिट लागत नाही. न्यू जर्सीत मात्र प्रत्येक पिस्तुलासाठी पोलिसांकडून स्वतंत्र परमिट काढावं लागतं आणि तीस दिवसांत एकच पिस्तूल घेता येतं. एडिसनचा रहिवासी पेनसिल्व्हेनियाच्या दुकानात जाऊन पैसे भरू शकतो, पण पिस्तूल पिशवीत घालून घरी आणू शकत नाही. तो दुकानदार ते न्यू जर्सीतल्या परवानाधारक दुकानदाराकडे पाठवतो. हा स्थानिक दुकानदार थोडी फी घेतो, परमिट बघतो, फॉर्म ४४७३ भरून घेतो आणि पार्श्वभूमीची तपासणी करवतो. ही तपासणी एफबीआयच्या संगणक यंत्रणेतून होते, काही राज्यांत राज्याची यंत्रणा ती करते. ग्राहकावर गंभीर गुन्हा सिद्ध झाला आहे का, कौटुंबिक हिंसाचाराची शिक्षा झाली आहे का, असं त्यात बघतात. वय एकवीस पूर्ण हवं ही केंद्रीय अटही आहेच. एवढं झालं की मगच पिस्तूल हातात येतं.

म्हणजे इथे ग्राहक चांगला की वाईट हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न तुझा पत्ता कुठला. घरच्या राज्याचा कायदा माणसाच्या पाठोपाठ जातो, आणि शेजारच्या राज्यात जाऊन तो चुकवता येत नाही.

पत्त्याचाही थोडा गुंता आहे. एखाद्याची दोन राज्यांत घरं असतील आणि तो वर्षातले काही महिने इथे, काही तिथे राहत असेल, तर ज्या वेळी जिथे राहतो तिथला रहिवासी धरतात. परराज्यात कॉलेजला गेलेला विद्यार्थी तिथे राहतो त्या काळात तिथला. सैनिक जिथे कायम नेमणुकीवर असेल त्या राज्यातला. नुसतं हॉटेलात उतरून मात्र कुणी रहिवासी होत नाही.

हा नियम आला कुठून, ते बघण्यासारखं आहे. १९६३ च्या मार्च महिन्यात डलासमध्ये राहणाऱ्या ली हार्वे ओस्वाल्डने खोट्या नावाने दोन शस्त्रं मागवली. रायफल शिकागोच्या दुकानातून आली, मासिकातल्या जाहिरातीवरून, वीस डॉलरच्या आत-बाहेरच्या किमतीला, थेट पोस्टाच्या पेटीवर. रिव्हॉल्व्हर लॉस एंजेलिसहून आलं, पण ते रेल्वे पार्सल कंपनीमार्फत, कारण पोस्टाने पिस्तूल पाठवायला १९२७ पासूनच बंदी होती. बघा, बंदी पोस्टाला होती, विक्रीला नव्हती! म्हणून दुसरा रस्ता सापडला. त्या रायफलने नोव्हेंबरमध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडी मारले गेले आणि त्या रिव्हॉल्व्हरने एक पोलीस अधिकारी. तरी कायदा व्हायला पाच वर्षं लागली. १९६८ मध्ये एप्रिलात मार्टिन ल्यूथर किंग आणि जूनमध्ये रॉबर्ट केनेडी यांच्या हत्या झाल्या, तेव्हा कुठे २२ ऑक्टोबर १९६८ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी गन कंट्रोल ॲक्टवर सही केली. टपालाने बंदूक मागवण्याचा धंदा संपला आणि राज्याच्या हद्दीचा नियम आला.

गंमत म्हणजे रायफल आणि शॉटगन यांना पुढे सूट मिळाली. आधी फक्त शेजारच्या राज्यात घ्यायची मोकळीक होती, १९८६ च्या कायद्याने ती कुठल्याही राज्यात मिळाली. अट एवढीच की ग्राहक स्वतः दुकानात हजर हवा आणि विक्री दोन्ही राज्यांच्या कायद्यात बसली पाहिजे. शिकारीला लोक दूरदूरच्या राज्यांत जातात, तिथे लांब बंदूक लागते. शिवाय लांब बंदूक लपत नाही. पिस्तूल कोटाच्या खिशात मावतं.

यावर कोर्टात भांडणही झालं. राजधानी वॉशिंग्टनमधल्या एका जोडप्याला टेक्सासच्या दुकानातून पिस्तुलं घ्यायची होती. त्यांचं म्हणणं होतं, रायफल देता तशीच पिस्तूलही द्या, दुकानदार दोन्हीकडचे कायदे तपासेल. २०१५ मध्ये टेक्सासच्या केंद्रीय जिल्हा न्यायालयाने ते मान्य केलं. २०१८ मध्ये वरच्या न्यायालयाने निकाल फिरवला: पन्नास राज्यांचे पिस्तुलाचे कायदे एकेका दुकानदाराला माहीत असतील अशी अपेक्षा धरता येत नाही. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला, त्यामुळे नियम टिकला. मला वरच्या न्यायालयाचं म्हणणं पटतं. ज्याचा कायदा त्याच्याच दुकानदाराने तपासावा, हे साधं आहे.

पण नियमाला भोक आहेच. राज्याचाच रहिवासी दुकानातून खरेदी करतो, फॉर्मवर स्वतःसाठी घेतोय असं लिहितो आणि मग परराज्यातल्या माणसाला देतो. शिकागोत सापडणाऱ्या पिस्तुलांपैकी कितीतरी शेजारच्या इंडियानातून आलेली असतात. दक्षिणेकडच्या राज्यांतून न्यूयॉर्ककडे पिस्तुलं नेणाऱ्या महामार्गाला तर ‘आयर्न पाइपलाइन’ असं नावच पडलं आहे. ही बनावट खरेदी आता स्वतंत्र केंद्रीय गुन्हा आहे. २०२२ च्या कायद्याने पंधरा वर्षांपर्यंत शिक्षा ठेवली.

नातेवाइकासाठी घेतलं तर? व्हर्जिनियातल्या एका माजी पोलिसाने पेनसिल्व्हेनियात राहणाऱ्या काकांसाठी पिस्तूल घेतलं. काकांनी पैसे आधीच चेकने दिले होते. पुढे पेनसिल्व्हेनियातल्या दुकानदारामार्फत, काकांची तपासणी होऊन, ते रीतसर काकांकडे गेलं. दोघेही कायद्याने बंदूक बाळगायला पात्र. तरीही पहिल्या फॉर्मवर पुतण्याने खरा खरेदीदार मीच असं लिहिलं होतं, म्हणून तो दोषी ठरला. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी ते कायम केलं.

हद्द ओलांडून एकच वाट मोकळी आहे, ती वारशाची. मृत्युपत्राने किंवा वारसाहक्काने मिळालेलं पिस्तूल दुसऱ्या राज्यातला वारस घरी आणू शकतो, अर्थात तिथे ते बाळगणं कायदेशीर असेल तर.

भारतात चित्र उलटं आहे. आपला १९५९ चा शस्त्र कायदा साऱ्या देशाला एकच. जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्तांकडून परवाना मिळवणं हीच मोठी पायरी, दुकान त्यानंतर. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच शस्त्रं ठेवता येतात.

ज्यांची मुलं, भाऊ, भाचे अमेरिकेत शिकायला किंवा नोकरीला आहेत, त्यांच्यासाठी एक महत्त्वाची गोष्ट राहिली. विद्यार्थी व्हिसा, एच-१बी, पर्यटक व्हिसा अशा तात्पुरत्या व्हिसावर असणाऱ्यांना कुठल्याच राज्यात बंदूक किंवा गोळ्या जवळ बाळगता येत नाहीत. ग्रीन कार्ड असेल तर ही बंदी लागू नाही. मुख्य अपवाद आहे तो कुठल्यातरी राज्याचा चालू शिकार परवाना असण्याचा. त्यामुळे वीकएंडला मित्रांबरोबर शूटिंग रेंजवर जाऊन भाड्याच्या पिस्तुलाने चार गोळ्या मारणं, फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकणं, हे दिसतं तेवढं निरुपद्रवी नाही. बंदूक हातात घेणं हेही कायद्याच्या भाषेत बाळगणंच. शिक्षा पंधरा वर्षांपर्यंत असू शकते, आणि शस्त्राच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या परदेशी माणसाला देशाबाहेर काढता येतं. रेंजवर जायचंच असेल तर आधी तो शिकार परवाना काढावा आणि खिशात ठेवावा.