शेजारी नक्की कोण?

मित्रहो, मराठी विभागात मेटलर्जी बघून लगेच पान उलटू नका! विषय वाटतो तेवढा रुक्ष नाही. मी कॉन्व्हेंटचं प्रॉडक्ट, त्यामुळे ‘ग्रेन’ला कण म्हणावं की दाणा, यावर बराच खल केला आणि शेवटी ग्रेनच ठेवलं.

धातूचा तुकडा बाहेरून एकसंध दिसतो, पण आत असंख्य छोटे स्फटिक एकमेकांना चिकटून बसलेले असतात. हेच ग्रेन. प्रत्येकातल्या अणूंच्या रांगांची दिशा, म्हणजे ओरिएंटेशन, वेगळी. ग्रेन जितके बारीक तितका धातू सहसा मजबूत. हॉल यांनी १९५१ मध्ये आणि पेच यांनी १९५३ मध्ये हे नातं मांडलं: ग्रेनच्या व्यासाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात ताकद वाढते. म्हणजे ग्रेन मोजणं हे नुसतं सबमिशनपुरतं काम नाही, त्या आकड्यावर धातूच्या ताकदीचा अंदाज उभा असतो.

खरा धातू थर-थर घासून प्रत्येक थराचं चित्र घेणं वेळखाऊ आणि खर्चिक. म्हणून कॉम्प्युटरवर सिंथेटिक मायक्रोस्ट्रक्चर बनवतात. ड्रीम-थ्रीडी, नेपर ही सॉफ्टवेअर्स त्यासाठीच आहेत. सोपी रीत अशी: एका ठोकळ्यात वाटेल तिथे बिया टाका आणि प्रत्येक बिंदू सर्वात जवळच्या बीला देऊन टाका. मग ठोकळ्याचे छोटे घनाकृती कप्पे पाडा. हे कप्पे म्हणजे व्हॉक्सेल, थ्रीडीतले पिक्सेल. प्रत्येक बाजूला १०० घेतले तरी १० लाख होतात! गंमत म्हणजे इथे बिया आपणच टाकलेल्या, त्यामुळे ग्रेन किती हे आधीच ठाऊक. उत्तर माहीत असलेला पेपरच म्हणा ना, मोजण्याची पद्धत तपासायला एकदम झकास.

आता मोजणी. एका व्हॉक्सेलपासून सुरुवात करायची. शेजाऱ्याच्या ओरिएंटेशनमध्ये समजा ५ अंशांपेक्षा कमी फरक असेल, तर तो आपल्याच ग्रेनमधला. मग त्याचा शेजारी, मग त्याचाही शेजारी... याला म्हणतात सेगमेंटेशन. पण शेजारी नक्की कोण? हॉस्टेलमध्ये भिंतीला भिंत लागून असलेली खोली शेजारची, यात वाद नाही. पण तिरक्या वरच्या खोलीचा फक्त कोपरा आपल्या कोपऱ्याला लागत असेल, तर?

रुबिक क्यूब डोळ्यांसमोर आणा. मधला, न दिसणारा ठोकळा म्हणजे आपला व्हॉक्सेल. त्याला पूर्ण बाजू लावून बसलेले ६, फक्त कड लागलेले १२ आणि फक्त कोपरा लागलेले ८. म्हणून कनेक्टिव्हिटी तीन प्रकारची: ६, १८ आणि २६. सपाट चित्रात याच ४ आणि ८ होतात. बुद्धिबळाचा पट घ्या: ४ च्या नियमाने रंगांचे ६४ वेगळे तुकडे निघतात. ८ चा नियम लावला, की सगळी पांढरी घरं उंटासारखी तिरकी जोडली जाऊन एकच तुकडा, काळ्यांचा दुसरा. पट तोच, उत्तर ६४ किंवा २!

धातूतही हेच होतं. समजा प्रत्येकी ६४ व्हॉक्सेलचे, जवळजवळ सारख्या ओरिएंटेशनचे दोन ग्रेन एकाच कोपऱ्याला टेकलेत. ६ च्या नियमाने ते दोन, २६ च्या नियमाने १२८ चा एकच. व्यास सुमारे २६ टक्के जास्त निघतो आणि त्यामुळे हॉल-पेचमधला ग्रेनचा वाटा सुमारे ११ टक्के कमी. ओरिएंटेशन कशीही विखुरलेली असतील तर असे योग क्वचित येतात, पण रोल केलेल्या पत्र्यात पुष्कळ ग्रेनची दिशा मिळतीजुळती असते, तिथे धोका वाढतो.

मग सरळ ६ च घ्यावं? कोपऱ्याला क्षेत्रफळच नसतं, त्यामुळे बाजूला बाजू लागण्याची अट भौतिकदृष्ट्या पटते. पण पातळ, तिरका ग्रेन व्हॉक्सेलमध्ये उतरवला की जिन्याच्या पायऱ्यांसारखा दिसतो. काही पायऱ्या फक्त कडेने टेकतात आणि ६ चा नियम त्याचे तुकडे पाडतो. एकीकडे आड, दुसरीकडे विहीर!

त्यात सॉफ्टवेअरची भर. थ्रीडीत जोडलेले भाग मोजताना मॅटलॅबचं बीडब्ल्यूकॉनकॉम्प आपण काही सांगितलं नाही तर २६ धरतं आणि सायपायचं लेबल ६. एकाच डेटावर दोन पार्टनर, दोन उत्तरं आणि दोघंही बरोबर!

तेव्हा मंडळी, तीन गोष्टी करा. मोजणी ६ आणि २६ दोन्हींनी करून बियांच्या संख्येशी ताडा. फरक मोठा दिसला तर व्हॉक्सेल बारीक करून पुन्हा बघा, कारण एका ग्रेनमध्ये दोन-चारच व्हॉक्सेल असतील तर कुठलाच नियम तारत नाही. आणि रिपोर्टमध्ये ग्रेनच्या संख्येशेजारी कनेक्टिव्हिटी लिहाच. ती नसेल तर तुमचा आकडा दुसऱ्या कुणाला पडताळता येणार नाही, आणि व्हायवाला एक्स्टर्नलने विचारलं तर तुम्हालाही सांगता येणार नाही.