'तूपर' आणि 'भुंडा' : शिंगे नसलेल्या गुरांच्या दोन नावांचा अर्थविचार

प्रस्तावना : शिंगे नसलेल्या गाईला वा म्हशीला मराठीत 'भुंडी' म्हणतात, तर बैलाला 'भुंडा'. याच अर्थाचा प्राचीन संस्कृत शब्द 'तूपर' होय. या दोन शब्दांमागील दृष्टी तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

'तूपर' : यजुर्वेदाच्या संहितांत प्रजापतीसाठी नेमलेल्या शिंगरहित बोकडाला हे विशेषण लावलेले आढळते. ऐतरेय ब्राह्मणात (४.१७) याविषयी एक कथा आहे. खूर व शिंगे मिळावीत म्हणून गाईंनी सत्र आरंभिले. दहाव्या महिन्यात इच्छा सफल होताच काही गाई उठल्या. त्या शिंगे असलेल्या होत. ज्यांनी वर्ष पुरे केले त्यांची शिंगे अश्रद्धेमुळे गळाली. त्या 'तूपर' झाल्या. मात्र त्यांना 'ऊर्ज', म्हणजे बल, लाभले. अमरकोशाच्या नानार्थवर्गात हाच शब्द 'तूवर' असा येतो. 'दीप'चा 'दिवा' आणि 'सपत्नी'ची 'सवत' होताना दिसणारा 'प'चा 'व' येथेही दिसतो. अमरसिंहाने त्याचे दोन अर्थ दिले आहेत : योग्य काळ येऊनही शिंगे न फुटलेला बैल आणि दाढीमिशा न आलेला पुरुष.

'भुंडा' : हा शब्द गुरांपुरता राहिला नाही. झाडे नसलेला डोंगर भुंडा, बांगड्या नसलेले हात भुंडे. जे असायला हवे ते नाही, हा भाव सर्वत्र समान आहे. म्हणूनच विधवेच्या हातांना 'भुंडे' म्हटले जाते, तेव्हा ते केवळ वर्णन राहत नाही, तर न्यूनतेचा शिक्का ठरते. संस्कृत 'मुण्ड' शब्दालाही 'मुंडन केलेला' आणि 'शिंगरहित' असे दोन्ही अर्थ आहेत.

निष्कर्ष : दोन्ही शब्द शिंगे असणे हाच नियम मानतात. आनुवंशिकशास्त्रानुसार मात्र गाईबैलांतील जन्मजात शिंगरहितता हा प्रभावी गुण आहे. माता वा पिता यांपैकी एकाकडून तो आला तरी पुरतो. स्कॉटलंडची आबर्डीन अँगस ही जात स्वभावतःच शिंगरहित आहे. अशा वासरांच्या शिंगांचे कोंब डागावे लागत नाहीत, त्यामुळे त्यांची वेदना टळते. तूपर गाईंना उणेपणासोबत बलही देणारी ब्राह्मणकथा या दृष्टीने अधिक उदार म्हणावी लागेल. 'भुंडा' शब्द माणसाविषयी वापरताना हा भेद ध्यानी ठेवणे उचित ठरेल.