आत्याही आपल्याच घरची

बाळकुम, कोलशेत, माजिवडा या पट्ट्यात कर्करोगाचा विषय निघाला की लोक आता रुग्णालयाचे बोलतात. २०२० साली कोविडच्या लाटेत इथल्या ग्लोबल इम्पॅक्ट हबच्या इमारतीत सुमारे हजार खाटांचे रुग्णालय उभे राहिले होते. त्याच परिसरात २०२३ साली कर्करोग रुग्णालयाचे भूमिपूजन झाले. बाळकुम नाक्यावर पहाटेची बस धरून, ठाण्याला लोकलमध्ये शिरून परळचे टाटा रुग्णालय गाठणाऱ्या रुग्णाला घराजवळ उपचार मिळणार असतील तर त्याचे स्वागतच केले पाहिजे. परंतु रुग्णालयाची पायरी माणूस आजार झाल्यावर चढतो. आजाराआधी कुणाला सावध करायचे, याचे निम्मे उत्तर आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना ठाऊक असते, आणि नेमके तेच ते कुणाला सांगत नाहीत.

आमच्याच घराचे सांगतो. वडिलांची आई पन्नाशीच्या आत गेली. गावाकडे "छातीत गाठ झाली होती" एवढीच तिची नोंद. आत्या एक्केचाळिसाव्या वर्षी गेली. दोन वर्षांपूर्वी आत्याची मुलगी, आमची आतेबहीण, अडतिसाव्या वर्षी स्तनाच्या कर्करोगाने आजारी पडली. तीन पिढ्या, एकच आजार. तरीही या तीन गोष्टी घरात कुणी एकत्र मांडल्या नव्हत्या, कारण आत्या ही दिल्या घरची! डॉक्टर विचारतात, घरात कुणाला कर्करोग होता का? बाई आईचे सांगते, मावशीचे सांगते. बापाकडच्या बायका तिच्या हिशेबात येतच नाहीत. लग्नात आडनाव बदलले म्हणून रक्त बदलते काय?

मेरी-क्लेअर किंग या अमेरिकन संशोधिकेने १९९० साली दाखवून दिले की काही घराण्यांतला स्तनाचा कर्करोग सतराव्या गुणसूत्रावरच्या एका जनुकाशी बांधलेला आहे. ते जनुक १९९४ साली हाती लागले. बीआरसीए-१ हे त्याचे नाव. बीआरसीए-२ हे त्याच्यासारखेच काम करणारे दुसरे. पेशीतील बिघाड दुरुस्त करणे हे या जनुकांचे काम. त्यातच दोष असेल तर तो आईकडून येतो तसा बापाकडूनही येतो, आणि प्रत्येक अपत्याला, मुलगा असो वा मुलगी, तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. अशा स्त्रीला ऐंशी वर्षांच्या वयापर्यंत स्तनाचा कर्करोग होण्याचा धोका सुमारे ७० टक्के मानला जातो. बीजाशयाच्या कर्करोगाचा धोकाही वाढतो.

मात्र घाबरून जाण्याचे कारण नाही. स्तनाच्या एकूण कर्करोगांपैकी असे आनुवंशिक प्रकार ५ ते १० टक्केच असतात. एकाच बाजूच्या दोघी-तिघींना झाला असेल, पन्नाशीच्या आत झाला असेल, दोन्ही स्तनांत झाला असेल, कुणाला बीजाशयाचा झाला असेल किंवा घरातल्या पुरुषाला स्तनाचा झाला असेल (होय, पुरुषालाही होतो), तर त्या घराने जनुकीय सल्ला घ्यावा. रक्ततपासणी शक्यतो आधी आजारी व्यक्तीची करतात. तिच्यात दोष सापडला की बाकीच्यांमध्ये नेमका तेवढाच शोधावा लागतो आणि खर्च कमी होतो.

आमच्याकडे गाडे इथेच अडले. आतेबहिणीची तयारी होती, पण तिच्या सासरचे म्हणाले, "मुलगी लग्नाची आहे. कागदावर आले तर सोयरीक कोण करील?" हा प्रश्न आम्ही वकिलीतही ऐकला आहे, म्हणून त्याला कायद्यानेच उत्तर दिले. हिंदू विवाह कायदा बौद्धांनाही लागू आहे. त्याच्या कलम १३ मध्ये घटस्फोटाची जी कारणे दिली आहेत, त्यांत कर्करोग नाही. कुष्ठरोग होता, तोही २०१९ साली संसदेने काढून टाकला. शिवाय जनुकातला दोष म्हणजे आजार नव्हे. भाऊजींनी ऐकून घेतले, आठ दिवस घेतले आणि हो म्हणाले. लपवाछपवीचा हिशेब नीट मांडला तर सोयरीक टिकते, मुलगी टिकत नाही, हे त्यांच्या लक्षात आले असावे.

आतेबहिणीत बीआरसीए-२ चा दोष निघाला. मग धाकट्या बहिणीने तपासणी केली, तिच्यात नाही. आमच्यात आहे. पुरुषाला यात प्रोस्टेटच्या कर्करोगाचा धोका वाढतो, तेव्हा आम्ही ती तपासणी सुरू केली आहे. पण आम्हाला दोन मुली आहेत, एक एकोणीस वर्षांची, एक पंधराची. धाकटीची तपासणी आता करायची नाही. अज्ञान मुलाच्या बाबतीत तो निर्णय आईबापाने घेऊ नये, ती सज्ञान झाल्यावर तिने घ्यावा, असेच डॉक्टर सांगतात. थोरलीला आम्ही सगळे सांगितले. ती अजून हो म्हणालेली नाही. तिला घाई करण्याचा अधिकार बाप म्हणून आम्हाला नाही, हे लिहिणे सोपे आहे. तसे वागताना रोज कस लागतो.

अँजेलिना जोली या अभिनेत्रीने मे २०१३ मध्ये जाहीरपणे लिहिले की तिने दोन्ही स्तन आजाराआधीच काढून घेतले. तिची आई छप्पन्नाव्या वर्षी गेली होती. आपल्याकडे काहींनी कौतुक केले, काहींनी श्रीमंतांचे चोचले म्हटले. दोन्हीत शस्त्रक्रियेचीच चर्चा झाली, आणि तिने घराचा इतिहास उघड सांगितला हे बाजूला पडले. शस्त्रक्रिया हा एक मार्ग आहे, एकमेव नाही. दोष असलेल्या स्त्रीने पंचविशीपासून दरवर्षी एमआरआय, तिशीपासून मॅमोग्राफी, काहींना गोळ्या, मुले झाल्यावर बीजाशय काढणे, असे पर्याय डॉक्टर समोर ठेवतात. निवड तिची. सासूची नाही, नवऱ्याची नाही, आमचीही नाही.

पैशांचा प्रश्न खरा आहे. जनुकीय दोषाच्या नावाखाली विमा कंपन्या दावे नाकारत असत. एका हृदयरुग्णाच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये असे सरसकट वगळणे हा भेदभाव ठरवला. पुढच्याच महिन्यात विमा नियामकाने कंपन्यांना तसे दावे नाकारू नका असे कळवले. तेव्हा दावा नाकारल्याचे पत्र आले तर ते घेऊन वकिलाकडे जा, गप्प बसू नका. प्रस्तावाच्या अर्जात घराण्यातील आजार विचारला असेल तर खरे लिहा. खोट्या उत्तरावर मात्र दावा पडतो. अमेरिकेत २००८ पासून आरोग्य विमा आणि नोकरी यांत जनुकीय माहितीवरून भेदभाव करण्यास कायद्याने बंदी आहे. आपल्याकडे असा स्वतंत्र कायदा नाही, तो झाला पाहिजे.

आणि गरिबांच्या वस्तीत हे चालणार नाही, असे कुणी म्हणू नये. टाटा रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील दीड लाख स्त्रियांवर अभ्यास केला. प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने तपासणी करीत. २०२१ साली निष्कर्ष छापून आले : तपासणी झालेल्या गटात पुढच्या टप्प्यावर सापडलेले रुग्ण ३७ टक्के, दुसऱ्या गटात ४७ टक्के. पन्नाशीपुढच्या बायकांत मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आत तसा फायदा दिसला नाही, आणि घराण्याचा आजार गाठतो तो नेमका याच वयात. म्हणूनच अशा घरांना वेगळे शोधावे लागते.

आशाताई तीस वर्षांवरील माणसांचा जो नमुना घरोघरी भरतात, तो आम्ही वाचला. त्यात आईबाप-भावंडांना रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार आहे का, हे विचारले आहे. स्तनात गाठ आहे का, हेही विचारले आहे. आई, मावशी, आजी, आत्या यांपैकी कुणाला कर्करोग होता का, हा प्रश्न नाही. ही एक ओळ वाढवावी, असे निवेदन आम्ही ठाणे महापालिकेच्या आरोग्य विभागाला देत आहोत. बाळकुमच्या महिला मंडळांनी त्यावर सह्या कराव्यात. सही करताना कागदाच्या मागे आपापल्या आत्याचे वय आणि आजार लिहून तो कागद घरी मुलींना दाखवावा.