दाभोलकरांनंतरची अंनिस

20 ऑगस्ट 2013 च्या सकाळी पुण्यात महर्षी विठ्ठल रामजी शिंदे पुलावर डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या (अंनिस) हितचिंतकांनाही त्या दिवशी वाटले की, आता हे काम संपले. तसे वाटण्यासारखेच होते. 1989 पासून सभेला वक्ता म्हणून दाभोलकर, वादाला उत्तर द्यायला दाभोलकर आणि जादूटोणाविरोधी कायद्यासाठी मंत्रालयात खेटे घालायलाही दाभोलकरच. अंनिस म्हणजे दाभोलकर, हे लोकांच्या मनात पक्के बसले होते.

काम मात्र थांबले नाही. अनेक वर्षे रखडलेल्या कायद्याचा वटहुकूम खुनानंतर चारच दिवसांत निघाला आणि डिसेंबरात नागपूर अधिवेशनात कायदा संमत झाला. यामागे जनक्षोभ होता, हे खरेच. पण जनक्षोभावर संघटना फार तर वर्षभर चालते. पुढची वर्षे तिने कशावर काढली, हे पाहायचे तर शाखेतल्या चमत्कारांच्या प्रयोगाकडे पाहावे लागते.

नारळाच्या शेंडीत सोडियमचा तुकडा लपवायचा, वर पाणी शिंपडायचे, की शेंडी पेट घेते. जिभेवर कापूर जाळायचा, तो चटका बसायच्या आत पुढे सरकवायचा किंवा टाकून द्यायचा. आधी चमत्कार करून दाखवायचा, मग त्यामागचे विज्ञान सांगायचे आणि देवाधर्माची टिंगल अजिबात करायची नाही. हे सगळे शिबिरांतून शिक्षक, विद्यार्थी, बँकेतले कारकून शिकले होते. त्यासाठी साताऱ्याहून डॉ. दाभोलकर यायची गरज नव्हती. मासिक वार्तापत्र सांगलीहून निघत होते. खून झाला तेव्हा कार्याध्यक्षपदही अविनाश पाटील यांच्याकडे होते. आपल्या हयातीत आपले पद दुसऱ्याला सांभाळू देणारे संस्थापक आपल्याकडे विरळाच, म्हणून मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

काम असे वाटून दिल्याचे फळ जातपंचायतींविरुद्धच्या लढ्यात दिसले. 2013 मध्येच नाशिकच्या कार्यकर्त्यांनी हा विषय हाती घेतला होता. वाळीत टाकलेली कुटुंबे पुढे येऊन बोलू लागली. गावोगावी पंचांशी बैठका झाल्या. काही पंचायती संवादातून बरखास्त झाल्या, काही ठिकाणी गुन्हे नोंदवावे लागले. सामाजिक बहिष्काराविरुद्धचे विधेयक 2016 मध्ये विधिमंडळात मंजूर झाले आणि 2017 मध्ये कायदा लागू झाला. दाभोलकर नसताना समितीने तडीस नेलेले हे सर्वांत मोठे काम. त्याचे श्रेय एका नावाला देता येत नाही, याचा मला आनंद वाटतो.

सगळेच मात्र असे वाटून दिलेले नव्हते. प्रयोग शिकवता आले, कायद्याची कलमे पाठ करून घेता आली. पण दोन ज्येष्ठ कार्यकर्त्यांचे बिनसले की त्यांना समोरासमोर बसवणे, देणगीदाराला आणि विरोधकालाही एकाच वेळी विश्वासात घेणे, हे दाभोलकरांच्या नैतिक अधिकारावर चालत असे. त्या अधिकाराला पर्यायी यंत्रणा उभी राहिली नाही. अध्यक्ष एन. डी. पाटील होते तोवर एक वडीलधारा शब्द होता. 17 जानेवारी 2022 रोजी तेही गेले आणि मतभेद चव्हाट्यावर आले. आज त्याच नावाने दोन गट काम करतात. कोणाची बाजू बरोबर, यात मला शिरायचे नाही. पण वाद सोडवायचे नियम, पदांची मुदत, पैशांचे अधिकार या रुक्ष गोष्टी लिहून ठेवण्याची खरी वेळ 2013 नंतरची होती, जेव्हा सगळे एकमेकांना धरून होते. तेव्हा शोक आणि तपासाचा पाठपुरावा यांतच सगळी ताकद गेली. खटल्याचा निकाल लागायलाच मे 2024 उजाडला. दोघांना जन्मठेप झाली, तिघे निर्दोष सुटले.

तालुक्याच्या गावी या फुटीचा त्रास वेगळाच असतो. भोंदूबाबाने फसवलेली बाई तक्रार घेऊन येते, तेव्हा तिच्याबरोबर पोलीस ठाण्यात जाऊन 2013 च्या कायद्याची प्रत टेबलावर ठेवणारे कोणीतरी हवे असते. ते अजून बहुतेक ठिकाणी भेटते. त्याला आधी आपला गट सांगावा लागू नये, एवढी काळजी दोन्हीकडच्या नेत्यांनी अजूनही घेता येईल.