रंग गोरा, घटनेत ‘काळे’!

हैती म्हटलं की आपल्याला भूकंप आणि गरिबीच्या बातम्याच आठवतात. पण राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्सच्या उत्तरेला डोंगरात काझाल नावाचं एक गाव आहे. तिथे सावळ्या चेहऱ्यांवर मधूनच घारे-निळे डोळे दिसतात. गावकरी सांगतात, आमचे पूर्वज पोलंडचे!

कुठे पोलंड, कुठे कॅरिबियन बेट? तर झालं असं. १७९५मध्ये रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रियाने उरलासुरला पोलंडही वाटून घेतला. देशच नकाशावरून पुसला गेला. नेपोलियन तो परत मिळवून देईल, या आशेवर हजारो पोलिश तरुण फ्रान्सच्या बाजूने लढायला गेले. नेपोलियनने त्यातल्या पाच हजारांहून अधिक जणांना जहाजात बसवलं आणि धाडलं थेट हैतीला.

हैती तेव्हा फ्रान्सची सर्वांत श्रीमंत वसाहत होती. आफ्रिकेतून आणलेले गुलाम तिथल्या ऊस-कॉफीच्या मळ्यांत राबायचे. १७९१मध्ये त्यांनी उठाव केला आणि गुलामी झुगारली. आता नेपोलियनला त्यांना पुन्हा जुंपायचं होतं. म्हणजे बघा, स्वतःच्या देशाच्या स्वातंत्र्यासाठी निघालेल्या पोरांवर दुसऱ्यांचं स्वातंत्र्य हिसकावायची वेळ आली! बहुतेक जण पिवळ्या तापाने आणि लढाईत गेले. काहींनी मात्र सरळ बाजू बदलली.

१ जानेवारी १८०४ला हैती स्वतंत्र झाला. देसालीन या नेत्याच्या हुकमाने उरलेल्या फ्रेंचांची कत्तल झाली, पोलिशांना मात्र वाचवलं गेलं. खरी गंमत पुढे आहे. १८०५च्या राज्यघटनेने गोऱ्यांना जमीन घ्यायला बंदी केली. अपवाद कोण? पोलिश, जर्मन आणि नागरिकत्व मिळालेल्या गोऱ्या स्त्रिया. लगेच पुढचं कलम सांगतं, सगळे हैतीवासी ‘काळे’ म्हणूनच ओळखले जातील. निळ्या डोळ्यांचा पोलिश सैनिकही कायद्याने काळा!

सुमारे चारशे जण तिथेच राहिले, असं मानलं जातं. त्यांनी स्थानिक मुलींशी लग्नं केली, शेती केली. पोलिश भाषा विरली आणि क्रिओल हीच घरची भाषा झाली. पुढे सुखदुःखंही हैतीचीच वाट्याला आली. १९६९मध्ये हुकूमशहा दुवालिएच्या सैन्याने याच काझालमध्ये लोकांना मारलं, घरं जाळली.

आपल्याकडे नवी ओळख झाली की पहिला प्रश्न असतो, ‘मूळचा कुठला?’ हैतीने दोनशे वर्षांपूर्वी वेगळंच विचारलं होतं : आमच्या लढाईत तू कुणाच्या बाजूने होतास?